चुका दाखवणारा हिशेबनीस

एखादं अॅप मधेच बंद पडलं की आपण काय करतो? वैतागतो, एक स्टार देतो आणि डिलीट मारतो. ओपन सोर्सवाल्यांची रीत वेगळी आहे. तिथे कोड सगळ्यांना खुला असतो आणि चूक दिसली की वापरणाऱ्याने ती नीट लिहून कळवायची असते. आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. प्रकल्प सांभाळणारा ती चूक स्वतः पुन्हा घडवून पाहतो, किती गंभीर आहे ते ठरवतो आणि दुरुस्त करतो. करणार नसेल तर कारण देतो. याला म्हणतात बग रिपोर्ट.

कॉम्प्युटर घरोघरी यायच्या कितीतरी आधी आपल्या वर्ध्यात एका माणसाने जवळपास हेच काम केलं. त्याची अवजारं मात्र होती घाणी, चूल आणि दिवा. हा माणूस म्हणजे जे. सी. कुमारप्पा.

जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावरचा. लंडनला हिशेबशास्त्र शिकून त्यांनी मुंबईत ऑडिटचा व्यवसाय थाटला. सूटबूट, इंग्रजी राहणी, सगळं झकास. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकताना भारताच्या गरिबीचा आणि सरकारी खर्चाचा संबंध त्यांनी आकड्यांतून तपासला. हे लिखाण घेऊन ते मे १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींना भेटले आणि त्यांचं आयुष्यच फिरलं. गांधीजींनी त्यांना गुजरातमधल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला सांगितलं. गुजरात विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन कुमारप्पा गावोगाव फिरले. गरिबीबद्दल भाषण देण्याआधी त्यांनी घरटी जमाखर्च मांडला. तक्रार करायची तर पुराव्यानिशी, ही ऑडिटरची सवय त्यांनी कधीच सोडली नाही.

जानेवारी १९३४ मध्ये बिहारला मोठा भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे आले. गांधीजी आणि त्यांच्या सोबतची मंडळी तिथे आली, तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून देता येणार नाही, असं कुमारप्पांनी सरळ सांगितलं. पैसा भूकंपग्रस्तांचा, नियम सगळ्यांना एकच. गांधीजींनीही ते मान्य केलं. चूक दाखवायला धाडस लागतं हे खरंच, पण ती ऐकून घेणारा माणूसही तेवढाच मोठा असावा लागतो.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि त्याची सूत्रं कुमारप्पांकडे आली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत मगनवाडी उभी राहिली. काम वरून सोपं दिसतं, पण तसं नव्हतं. दिव्याचंच घ्या. रॉकेल विकत घेतलं की गावाचा पैसा बाहेर जातो, म्हणून गावातलंच तेल जाळायचं. पण हे तेल जाड. ते वातीतून रॉकेलसारखं सहज वर चढत नाही, म्हणून रॉकेलच्या कंदिलात नुसतं तेल बदलून भागत नाही. अशा अडचणींवर काम करत मगनवाडीत वनस्पती तेलावर चालणारा मगनदीप तयार झाला. झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली, ती वर्धा घाणी म्हणून देशभर ओळखली गेली. बिनधुराची मगन चूलही इथलीच.

यातलं काहीच कुलपात ठेवलं नाही. देशभरातून ग्रामसेवक इथे शिकायला यायचे आणि गावी जाऊन तेच करून पाहायचे. ग्रामोद्योग पत्रिका आणि छोट्या पुस्तिकांमधून कृती सगळ्यांना मिळायची. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने उद्योगांची पाहणी करायला समिती नेमली, तेव्हा अध्यक्ष कुमारप्पाच होते. समितीने ६०० हून अधिक गावं पाहिली. योजना आखण्याआधी ती ज्याच्यासाठी आहे त्याला विचारा, हा त्यांचा हट्ट होता.

सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. इंग्रजांच्या युद्धकाळातल्या अर्थनीतीवर लिहिलं म्हणून तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ हे पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतरही, माती आणि खनिजं उधळणारी वाढ टिकणार नाही, हे ते आपल्याच लोकांना सांगत राहिले. त्यांचे हे ‘रिपोर्ट’ बहुतेक दुरुस्तीविनाच बंद झाले. काही काळ ते आपल्या जिल्ह्यातल्या सेलडोहला शेतीचे प्रयोग करत राहिले, मग तामिळनाडूत गेले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, त्यांचं निधन झालं.

आज हवा, पाणी, माती यांची हालत पाहिली की त्यातल्या कितीतरी फाइली पुन्हा उघडाव्या लागतील असं वाटतं. तुमच्यापैकी कोणी उद्या ओपन सोर्समध्ये उतरेल, तेव्हा पहिल्याच दिवशी कोड लिहिता आला नाही तरी चालेल. एक चूक नीट शोधा, पुराव्यासह लिहा. आणि पुढे कधी प्रकल्प तुमच्या हातात आला, तर कोपऱ्यातल्या गावातून आलेली मोडक्यातोडक्या भाषेतली तक्रारही शेवटपर्यंत वाचा. वाटेत वर्ध्याला उतरलात तर मगन संग्रहालयात जाऊन या. तिथल्या प्रत्येक वस्तूसमोर एकच प्रश्न विचारा: ही कोणाची अडचण सोडवायला बनली?