खेडे वाचणारा समाजशास्त्रज्ञ : फेई शियाओतुंग

स्वतःच्याच देशातील एखाद्या खेड्यात जावे, शेतकऱ्याला काय पिकवतो, काय खातो, किती मिळवतो हे विचारावे आणि उत्तरे लिहून काढावीत, यात कोणाला आक्षेप असण्याचे कारण नाही. चीनचे आद्य समाजशास्त्रज्ञ फेई शियाओतुंग यांना मात्र याच कामापायी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे गमवावी लागली.

फेई यांचा जन्म 2 नोव्हेंबर 1910 रोजी ज्यांग्सू प्रांतातील वूज्यांग येथे झाला. येनचिंग आणि छिंगह्वा विद्यापीठांत शिक्षण घेतल्यानंतर 1935 मध्ये ते पत्नी वांग थुंगहुई यांच्यासह ग्वांगशीच्या डोंगराळ भागात याओ जमातीचा अभ्यास करण्यासाठी गेले. तेथे वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडून ते जबर जखमी झाले. मदत आणण्यासाठी गेलेल्या वांग पाण्यात बुडून मरण पावल्या. विवाहाला तेव्हा काही महिनेच झाले होते.

1936 मध्ये विश्रांतीसाठी ते काईश्येनकुंग या गावी आले. त्यांची थोरली बहीण फेई दाशेंग यांनी या गावात सहकारी तत्त्वावर रेशीम कारखाना उभारण्यास मदत केली होती. गावाची जमीन अपुरी असून रेशमाच्या जोडधंद्यावरच घरे चालतात, हे फेई यांच्या लक्षात आले. रेशमाचे भाव कोसळले की शेतकरी कर्जात बुडतो आणि जमीन हातची जाते, हा त्यांचा निष्कर्ष होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. 1939 मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मानववंशशास्त्रज्ञ प्रामुख्याने दूरदेशीच्या जमातींचा अभ्यास करीत, त्या काळात एका अभ्यासकाने स्वतःच्याच समाजाचा घेतलेला हा वेध नावाजला गेला.

1949 मध्ये साम्यवादी राजवट आली, तेव्हा देशातच राहण्याचा निर्णय फेई यांनी घेतला. मात्र 1952 मध्ये विद्यापीठांतून समाजशास्त्र हा विषयच हद्दपार झाला. 1957 च्या वसंतात सत्ताधाऱ्यांनी बुद्धिमंतांना मोकळेपणाने बोलण्याचे आवाहन केले होते. त्याच सुमारास फेई पुन्हा काईश्येनकुंगला गेले. धान्याचे उत्पादन वाढले होते, तरी लोकांच्या हाती पैसा नव्हता. कारण जोडधंदे मागे पडले होते. त्यांनी हे लिहिले. अहवालाचा काही भाग छापला गेला, उरलेला थांबला. लवकरच वारे फिरले आणि फेई यांच्यावर उजव्या विचारसरणीचा शिक्का बसला. त्यांना जाहीरपणे अपराधाची कबुली द्यावी लागली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात या विद्वानावर शौचकूपे साफ करण्याची वेळ आली, त्यानंतर हूपेमध्ये श्रमासाठी धाडण्यात आले.

माओंच्या निधनानंतर, 1979 मध्ये समाजशास्त्राचे पुनरुज्जीवन झाले आणि ती धुरा फेई यांच्याकडेच आली. 1981 मध्ये ते तिसऱ्यांदा काईश्येनकुंगला गेले. जोडधंद्यांना पुन्हा वाव मिळाल्याने गावाचे उत्पन्न वाढले होते. 1957 मध्ये गुन्हा ठरलेले म्हणणे आता धोरण झाले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये त्यांना हक्स्ले पदक, तर 1994 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ग्रामीण उद्योग आणि छोटी शहरे यांवरील त्यांच्या अभ्यासाची सरकारने दखल घेतली. 1988 मध्ये ते चीनच्या राष्ट्रीय लोकसभेच्या स्थायी समितीचे उपाध्यक्ष झाले. ज्या व्यवस्थेने त्यांना गप्प केले, तिच्यातच राहून त्यांनी अखेरपर्यंत काम केले. ही तडजोड काहींना रुचली नाही, पण तिच्याविना त्यांना पुन्हा खेड्यात जाता आले नसते.

24 एप्रिल 2005 रोजी बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. काईश्येनकुंगला त्यांनी आयुष्यात वीसहून अधिक वेळा भेट दिली. परंतु 1957 ते 1981 ही चोवीस वर्षे त्यांच्या वहीत कोरीच राहिली. चीनमध्ये कोट्यवधी माणसे उपासमारीने मेली, ती 1959 ते 1961 ही वर्षेही त्यातलीच. त्या वर्षांत काय पिकले आणि काय खाल्ले, हे विचारणारा माणूस गावात येऊ शकला नाही. अभ्यासकाचे तोंड बंद झाले की नुकसान एकट्या अभ्यासकाचे होत नाही, हे फेई यांचे चरित्र सांगते.