सोलापूरच्या भैय्या चौकातलं ते घर आणि परत न आलेले डॉ. कोटणीस

सोलापूर म्हटलं की चादर, शेंगाची चटणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आठवते. पण चीनमधल्या जुन्या माणसांना सोलापूर माहिती असण्याचं कारण वेगळंच आहे. ते म्हणजे भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरचा मुलगा, द्वारकानाथ.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. घर निम्न-मध्यमवर्गीय. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले. आता पोरगा प्रॅक्टिस टाकणार आणि घराला हातभार लावणार, अशी घरच्यांची अपेक्षा असणं साहजिकच होतं.

पण १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठा हल्ला केला. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषचंद्र बोस होते. निधी गोळा झाला, रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. वय फक्त २७. लक्षात घ्या, आपण स्वतः तेव्हा इंग्रजांचे गुलाम होतो.

सप्टेंबर १९३८ मध्ये ही मंडळी बोटीनं निघाली. चीनमध्ये पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द जोडला. कोटणीस झाले ‘के दिहुआ’.

पुढे यानानला, म्हणजे माओच्या तळावर जायचं ठरलं होतं. तेवढ्यात घरून बातमी आली, वडील गेले. परत फिरले असते तर कुणीही नावं ठेवली नसती. ते पुढे गेले. त्यांची गोष्ट सांगताना सगळे युद्धावर थांबतात, पण मला विचाराल तर सगळ्यात अवघड निर्णय हाच होता. कारण त्याची किंमत सोलापूरच्या घरानंही मोजली.

मग उत्तर चीनच्या डोंगराळ भागात आठव्या मार्ग सेनेसोबत काम सुरू झालं. औषधं कमी, जखमी जास्त. १९४० च्या एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून जखमींवर उपचार करतानाच जंतुसंसर्ग होऊन १९३९ मध्ये गेले होते. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली. चिनी भाषा तर त्यांनी इतकी आत्मसात केली की ते त्या भाषेत शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला बसले.

तिथेच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी ओळख झाली आणि लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

कामाचा ताण मात्र शरीरानं सोसला नाही. फिट्स यायला लागल्या आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते गेले. बाळ साडेतीन महिन्यांचं होतं, पुस्तक अर्धवट राहिलं. बाकीचे चौघे डॉक्टर मायदेशी परतले.

१९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला आणि कोटणीसांची भूमिकाही स्वतःच केली. चीननं १९८२ मध्ये आणि भारतानं १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली. यिनहुआही डॉक्टरीच शिकत होता, पण १९६७ मध्ये ऐन पंचविशीत वारला. ग्वो छिंगलान मात्र पुढेही भारतात येत राहिल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि घर? सोलापूर महापालिकेनं ते जपून तिथं डॉ. कोटणीस स्मारक केलंय. फोटो आणि माहितीतून त्यांचा प्रवास तिथं पाहता येतो. जयंती-पुण्यतिथीला अभिवादनाचे कार्यक्रम होतात, चिनी पाहुणेही येऊन जातात. भारत-चीन संबंध ताणले की कोटणीसांचं नाव घेणं कुणाकुणाला अवघडल्यासारखं होतं. पण हा माणूस कुठल्या सरकारसाठी नाही, जखमींसाठी गेला होता.

त्यांची समाधी चीनच्या शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. डॉ. बेथ्यूनही तिथेच आहेत. तिकडे जाणं आपल्यापैकी किती जणांना जमेल कुणास ठाऊक, पण भैय्या चौक सोलापूर रेल्वे स्टेशनपासून फार लांब नाही.