ललिता पवारांचा डोळा असा बारीक का होता?

रामायण मालिकेतली मंथरा आठवतेय? तिचा तो बारीक डोळा मेकअपची कमाल नव्हती.

ललिता पवार मूळच्या अंबा. जन्म १९१६ चा, येवल्याचा. मूकपटांच्या काळात लहानपणीच सिनेमात आल्या आणि पुढं नायिका झाल्या. १९३२ च्या 'कैलाश'च्या तर त्या सहनिर्मात्याही होत्या.

१९४२ ला 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग सुरू होतं. सीनमध्ये मास्टर भगवान, म्हणजे आपले 'अलबेला'वाले भगवानदादा, त्यांच्या थोबाडीत मारतात. हात जरा जास्तच जोरात बसला. डाव्या डोळ्याची रक्तवाहिनी फुटली आणि चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. उपचार तीन वर्षं चालले.

चेहरा हलवणारी नस कानामागच्या हाडातून येऊन गाल, ओठ, पापणीपर्यंत पसरते. ती दुखावली की डोळा नीट मिटत नाही, चूळ भरताना पाणी एका बाजूनं गळतं. पणदरे असो की पुणे, तोंड असं वाकडं झालं की करंट घ्यायला सांगणारं कुणीतरी भेटतंच. फिजिओथेरपिस्ट गालावर पेनासारखं टोक टेकवतात, हलका करंट जातो, स्नायू टुणकन आखडतो. नसेकडून हुकूम येत नाही तोवर स्नायू वाळू नये, हा त्यामागचा विचार. फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी चेहऱ्यावरच्या अशा प्रयोगांचं फोटोंसह पुस्तक १८६२ मध्येच काढलं होतं.

पण करंटमुळं नस लवकर बरी होते, याला आजही भक्कम पुरावा नाही. मार न लागता अचानक तोंड वाकडं झालं, तर आधी डॉक्टर गाठा. तो मेंदूचा झटकाही असू शकतो. आणि बेल्स पाल्सी असेल, तर पहिल्या ७२ तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग जास्त.

ललिताबाईंचा डोळा बारीकच राहिला. नायिकेच्या भूमिका संपल्या, त्या चरित्र भूमिकांकडं वळल्या. 'दहेज'मधली (१९५०) खाष्ट सासू गाजली, मग तशा सासवांची रांगच लागली. 'श्री ४२०'मध्ये केळी विकणारी गंगामाईही त्याच. गंमत म्हणजे, सासू म्हणून शिव्या खाल्लेल्या या बाईंना फिल्मफेअर मिळालं ते 'अनाडी'तल्या (१९५९) मायाळू मिसेस डिसासाठी. १९६१ ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार आला. मंथरा झाल्या तेव्हा सत्तरी ओलांडली होती.

२४ फेब्रुवारी १९९८ ला पुण्यात, औंधमध्ये त्या गेल्या.