खाशाबांची ढाक

आधी एक कबुली देतो. मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो आणि ती हरलो.

सहावीत होतो. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावची जत्रा, दुसऱ्या दिवशी हगामा. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात अजून नगरच येतं) हगाम्याशिवाय जत्रा उठत नाही, हे बाहेरगावच्या मुलांना होस्टेलवर आल्यावर आमच्याकडून कळतं. हलगी कडाडली की आधी लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. मी अंगानं भरलेला, समोरचं पोरगं काडीसारखं. मनात म्हटलं, हे काय, उचलून टाकू. सलामी झडली, मी होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला ढकललं, आणि पुढचं एवढंच आठवतं की मी आभाळ बघतोय आणि तोंडात माती आहे. त्या पोरानं जोर असा लावलाच नव्हता. तो नुसता बाजूला वळला होता. माझाच जोर मला घेऊन गेला.

रेवड्या त्याला मिळाल्या. मला प्रश्न मिळाला, आणि तो बरीच वर्षं डोक्यात राहिला. होस्टेलला आल्यावर रूमपार्टनर मिळाला कऱ्हाडचा. कऱ्हाडच्या माणसाला कुस्तीवर बोलतं करायला फार वेळ लागत नाही, आणि तो बोलायला लागला की पाच मिनिटांत खाशाबा जाधवांवर येतो. या पठ्ठ्यानं तर पहिल्याच रात्री दोन वाजेपर्यंत जागवलं. नंतर मिळेल ते वाचत गेलो. हा लेख त्यातूनच.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, कऱ्हाडला लागूनच. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच तालीम म्हटल्यावर पोरगं चालायला लागलं तसं मातीत लोळायला लागलं असणार. आठ वर्षांच्या खाशाबानं त्या भागातल्या नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत चीत केलं अशी गोष्ट कऱ्हाडकडे सांगतात. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झालं. १९४२ चं आंदोलन पेटलं तेव्हा सातारा जिल्हा आघाडीवर होता. शाळकरी खाशाबाही भूमिगतांना मदत करणाऱ्यांत होते. पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे वस्ताद.

आता मुख्य गोष्ट. पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दीड-दोनशे पौंडांचा, मान नसलेला गडी येतो. खाशाबा तसे नव्हते. उंची बेताची, वजन लंडनच्या वेळी बावन्न किलोच्या गटात बसणारं. आमच्या मेसमधले निम्मे लोक त्यांच्यापेक्षा जड भरतील! मग हा माणूस समोरच्याला उचलून टाकायचा कशाच्या जिवावर?

कुस्ती बघणाऱ्यानं कधी खडाखडी नीट बघितली आहे का? डाव सुरू होण्याआधी दोघे एकमेकांच्या मानेवर हात ठेवून, कपाळाला कपाळ लावून उभे असतात. पब्लिक कंटाळतं, मागून कुणीतरी कुस्ती करा म्हणून ओरडतो. खरी कुस्ती तिथंच चाललेली असते. मानेवरचा हात म्हणजे डॉक्टरचा नाडीवरचा हात. समोरच्याचं वजन आत्ता कुठल्या पायावर आहे, तो श्वास घेतोय की सोडतोय, पुढे रेलतोय की मागे, हे सगळं त्या हातातून अंगाला कळत असतं. अंगाला म्हणतोय, डोक्याला नाही. डोक्यापर्यंत बातमी जाऊन परत येईपर्यंत माणूस चीत झालेला असतो. तालमीतले जोर-बैठका ताकदीसाठी असतात हे खरं, पण वर्षानुवर्षं वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर मातीत घासणं असतं ते या जाणिवेसाठी.

चीन-जपानकडे या गोष्टीला शास्त्राचं रूप दिलं गेलं. ताई-ची शिकणारे समोरासमोर उभे राहून मनगटाला मनगट लावतात आणि हळूहळू ढकलाढकली करतात. बघणाऱ्याला वाटतं खेळ चाललाय. समोरून जोर आला की त्याला भिडायचं नाही, जागा द्यायची, आणि तो रिकाम्या जागेत आला की थोडासा धक्का. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदो सुरू केला, त्या नावातल्या ज्यु चा अर्थच मऊपणा, नमतं घेणं. आपल्या वस्तादांनी याचं पुस्तक लिहिलं नाही. अमक्याच्या अंगात कुस्ती आहे, एवढं म्हणून ते मोकळे होतात.

खाशाबांच्या अंगात ती होती, आणि तिचं हुकमी रूप म्हणजे ढाक. समोरच्याची मान कवेत घ्यायची, गर्रकन वळून आपली कंबर त्याच्या कमरेखाली सरकवायची आणि पुढे वाकायचं. तो आपल्या कमरेवरून फिरून पाठीवर पडतो. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये सरांनी गुरुत्वमध्य आणि टेकू समजावला तेव्हा मी वहीत ठोकळ्याऐवजी दोन पैलवान काढले होते. (सरांनी ते बघितलं. मार्क कापले नाहीत.) कंबर हा टेकू. मान धरली म्हणजे तरफेचा लांब दांडा हातात आला. गुरुत्वमध्य पायांच्या पुढे सरकला की माणूस पडायला आपणहून तयार असतो, त्याला फक्त वळण द्यायचं. पण एक अट आहे. तो पुढे येत असतानाच हे झालं पाहिजे. तो मागे रेललेला असताना ढाक मारायला गेलात तर क्रेन लावली तरी हलणार नाही, उलट तोच पाठीवर बसेल. तो क्षण पाव सेकंदाचा. खाशाबांना तो सापडायचा. म्हणून बघणाऱ्याला वाटायचं, यानं काही केलंच नाही.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून ते जाऊ शकले. तिथं एक वेगळीच पंचाईत झाली, आणि मला स्वतःला खाशाबांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात विचार करायला लावणारा वाटतो. सगळी कुस्ती लाल मातीतली, आणि तिथं गादी. मातीत अनवाणी पाऊल थोडं रुततं, पायाची बोटं जमीन धरतात, खालून अंगाला सारखी खबर मिळत असते. गादीवर बूट घालून उभं राहायचं, म्हणजे ती खबरच बंद. शिवाय मातीत पाठ टेकली तरच हार. तिथं गुण, घड्याळ, पंच. जन्मभर मराठीत बोललेल्या माणसाला एकदम इंग्लिशमध्ये वायवा द्यायला लावावा तसं. (आपल्यातल्या मराठी मीडियमवाल्यांना हे जास्त सांगायला नको.) अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना तिथं थोडंफार तयार केलं. तेवढ्यावर खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले.

कोल्हापूरला परतल्यावर ते दुप्पट मेहनतीला लागले. वजनगट आता वरचा, बँटमवेट, सत्तावन्न किलो. पण १९५२ च्या हेलसिंकीच्या वाटेवर कुस्तीपेक्षा बाहेरचेच डाव जास्त होते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत गुण देताना आपल्यावर अन्याय झाला असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी प्रतिस्पर्ध्याला सरळ चीत केलं. निवड झाली. आता पैसे!

सरकारदरबारी आधी दाद लागली नाही. खाशाबा आणि घरचे लोक दारोदार फिरले, गावकऱ्यांनी जमेल तसं दिलं. तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार! विद्यार्थ्यासाठी. तो काही कॉलेजला विद्यापीठात पहिला आणणारा नव्हता, तो मातीत खेळणारा एक पोरगा होता, आणि परत येताना हाताला काही लागेल याची कसलीच खात्री नव्हती. हा लेख आमच्या स्टाफपैकीही काही जण वाचतील. त्यांना काही सुचवायचं नाही, नोंद म्हणून लिहिलं.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. गादी आता परकी राहिली नव्हती. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ज्युदोच्या देशातला गडी, समोरच्याच्या जोरावर खेळायचं त्यालाही ठाऊक. दोघंही पाव सेकंद शोधणारे. कुस्ती पंधरा मिनिटं चालली आणि खाशाबा गुणांवर हरले. पुढं जे झालं ते असं सांगितलं जातं: ती कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवशी लढायला बोलावलं गेलं. नियमानं दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी. पण हे पंचांना जाऊन सांगायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा तसेच उतरले आणि हरले.

इथं मला त्या खडाखडीची आठवण होते. दमलेल्या हाताला नाडी लागत नाही. ताकद थोडी कमी पडली तर डाव सावरतो, पण अंगाची जाण मंदावली की पाव सेकंद अर्धा होतो आणि क्षण निघून जातो. न दिसणाऱ्या जोराची कुस्ती खेळणाऱ्याला विश्रांतीची गरज ताकदवाल्यापेक्षा जास्त असते. आणि ती मागून घ्यायला त्या दिवशी कुणी नव्हतं. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोवला रौप्य. खाशाबांना ब्राँझ. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, अटलांटात लिअँडर पेसच्या रूपानं. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं!

कऱ्हाड स्टेशनवर उतरल्यावर जे झालं ते दिल्ली-मुंबईच्या कुठल्याही सत्कारात होणार नाही. दीडशेवर बैलगाड्या, हलगी-लेझीम, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांच्या वाटेला म्हणे सात तास लागले. आणि त्यानंतर खाशाबांनी काय केलं असेल? कोल्हापूरला कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, जिंकले आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. पदकापेक्षा हे मोठं की पदक मोठं यावर आमच्या रूममध्ये एकदा भांडण झालं होतं. निकाल लागला नाही.

पुढचं आयुष्य भराभर सांगता येतं, कारण ते सांगण्यासारखं होऊ दिलं गेलं नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चं मेलबर्न हुकलं. सुमारे सत्तावीस वर्षं नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, आणि पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत ते धावले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. जिवंत असताना क्रीडा पुरस्कार काही त्यांच्या वाट्याला आला नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी त्यांचं नाव दिलं गेलं.

मागच्या जत्रेत मी पुन्हा हगाम्याला गेलो होतो, बघायला. यावेळी हलगीकडे लक्ष नव्हतं, पायांकडे होतं. एक बारकं पोरगं आपल्यापेक्षा जाड पोराच्या मानेवर हात ठेवून नुसतं उभं होतं. जाड पोरगं रेटत होतं. मी शेजारच्या मित्राला कोपर मारून सांगितलं की आता बघ, आता हा वळणार. तो वळलाच नाही. रेटत रेटत कडेला गेला आणि पब्लिकच्या अंगावर पडला. बघून कळायला लागलंय असं मला वाटलं होतं, पण नाही.

रूमपार्टनरनं गोळेश्वरला यायचं आमंत्रण दिलंय. सबमिशन आणि ओरल संपली की कऱ्हाडची गाडी पकडायची असं ठरलंय. कुणाला यायचं असेल तर तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगा, रात्री उशिरापर्यंत जागेच असतो.