आनंदीबाई जोशी यांचे अमेरिकेतील वास्तव्य

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च १८६५ – २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. जून १८८३ ते ऑक्टोबर १८८६ या सव्वातीन वर्षांहून थोड्या अधिक काळात त्या अमेरिकेत राहिल्या. न्यू जर्सी राज्यातील रोसेल हे गाव त्यांचे तेथील घर होते, तर फिलाडेल्फिया हे शिक्षणाचे ठिकाण. त्यांच्या चरित्रात पदवीला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच या काळातील दैनंदिन जीवनालाही आहे. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निश्चय त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर केला होता. परदेशातील अन्न, वस्त्र, हवामान आणि शेजार यांच्याशी जुळवून घेताना हा निश्चय त्यांना रोज पाळावा लागला.

पार्श्वभूमी

आनंदीबाईंचे माहेर कल्याणच्या जोशी घराण्यातले आणि माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव जोशी. घराणे एके काळी सधन होते, मात्र यमुनेच्या लहानपणी ते वैभव ओसरले होते. आजच्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांना लागून असलेले कल्याण त्या वेळी जुने बंदराचे गाव होते आणि नुकतेच रेल्वेचे जंक्शनही झाले होते. मुंबईहून निघालेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ, बदलापूर मार्गे बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. उल्हासनगर तेव्हा अस्तित्वात नव्हते. कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी ते फाळणीनंतर वसले.

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. ते विधुर होते आणि वयाने पत्नीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले. पत्नीला शिकवण्याचा गोपाळरावांचा ध्यास होता आणि त्यासाठी ते कठोरही होत असत. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, परंतु तो दहा दिवसांतच दगावला. स्त्रियांना स्त्री डॉक्टर न मिळाल्याने किती हाल सोसावे लागतात, याची तीव्र जाणीव त्यांना झाली आणि वैद्यक शिकण्याच्या निश्चयाचे मूळ या घटनेत मानले जाते.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे हे कुटुंब अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर (बंगाल) अशा ठिकाणी राहिले. घर मोडून नव्या मुलखात पुन्हा मांडण्याची आनंदीबाईंना अशा रीतीने अमेरिकेला जाण्यापूर्वीच सवय झालेली होती. बंगालमध्ये परप्रांतीय म्हणून राहताना, पतीसोबत उघडपणे फिरणाऱ्या आणि पायांत बूट घालणाऱ्या या मराठी स्त्रीकडे लोक कुतूहलाने व काही वेळा कुचेष्टेने पाहत असत.

कार्पेंटर कुटुंबाशी परिचय

कोल्हापुरात असताना, १८७८ मध्ये, गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिले. धर्मांतराची तयारी नसल्याने त्यातून काही निष्पन्न झाले नाही, मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. रोसेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या हाती तो अंक १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसलेल्या असताना सहज आला. पत्र वाचून त्यांनी आनंदीबाईंना मदतीची तयारी कळवली आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. बालविवाह, घरातील चालीरीती, सण, आहार, प्रकृती असे अनेक विषय या पत्रांत येत. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. प्रत्यक्ष भेटीपूर्वीच जडलेले हे नाते पुढे अखेरपर्यंत टिकले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण करून अमेरिकेला जाण्याची कारणे स्पष्ट केली. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची निकड आहे आणि आपण स्वधर्म न सोडता हे शिक्षण घेणार आहोत, असा त्या भाषणाचा आशय होता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. पती सोबत नव्हता. सोबत काही मिशनरी स्त्रिया होत्या. जहाजावर शाकाहारी अन्नाची आबाळ झाली आणि सहप्रवाशांकडून धर्मांतराचा आग्रहही झाला. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

रोसेलमधील जीवन

रोसेल हे न्यूयॉर्कपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, रेल्वेमार्गालगत वसलेले छोटे गाव होते. आनंदीबाई येण्यापूर्वी जेमतेम पाच महिने, १९ जानेवारी १८८३ रोजी, टॉमस एडिसन यांनी तेथे खांबांवरून तारा टाकून विजेचे दिवे लावले होते. अशा पद्धतीने उजळलेले ते पहिले गाव होय. महाराष्ट्रातील बहुतेक गावांत तेव्हा रात्रीचा उजेड तेलाच्या दिव्यांचाच असे.

कॉलेज सुरू होईपर्यंतचे उन्हाळ्याचे दिवस आनंदीबाईंनी कार्पेंटर कुटुंबात काढले. घरातील मुलींशी त्यांची मैत्री जमली. त्या घरकामात हातभार लावीत, शेजाऱ्यांकडे जात आणि आल्यागेल्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. गावातील बहुतेकांनी हिंदू स्त्री प्रथमच पाहिली होती. हिंदुस्थानाविषयी त्यांना जे ठाऊक होते ते बहुधा मिशनऱ्यांच्या वृत्तांतांतून आलेले होते. त्यामुळे आनंदीबाईंचे खाणेपिणे, कुंकू, बांगड्या आणि वागणे यांवरूनच एका देशाविषयी मत बनत असे, आणि याची त्यांना जाणीव होती. त्यांनी एकदा आपल्या हाताने मराठी पद्धतीचा स्वयंपाक करून कार्पेंटर यांच्या स्नेह्यांना जेवू घातले. पाहुण्यांना हिंदुस्थानी रीतीने बसवून वाढण्यात आले. ज्या समाजात परजातीच्या पंक्तीला बसण्यावर निर्बंध होते, त्या समाजातील ब्राह्मण स्त्रीने परधर्मीयांना स्वतः वाढणे ही साधी गोष्ट नव्हती. आपला आहार न सोडता परक्यांशी आपलेपणा जोडण्याचा मार्ग त्यांनी अशा रीतीने शोधला.

कार्पेंटर कुटुंब ख्रिस्ती असले तरी त्यांनी धर्माबाबत आनंदीबाईंवर दडपण आणले नाही. कॉलेज सुरू झाल्यावरही त्या सुट्ट्यांत रोसेलला येत असत.

फिलाडेल्फियातील विद्यार्थिदशा

आनंदीबाईंनी १८५० मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातील पहिल्या संस्थांपैकी ती एक होती. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. ऑक्टोबर १८८३ मध्ये अभ्यास सुरू झाला.

रोसेलच्या घरातील आधार फिलाडेल्फियात नव्हता. भाड्याच्या खोलीत त्यांना स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा लागे. शेगडी नीट पेटत नसे आणि खोली धुराने भरून जाई. दिवसभराच्या तासिका व शवविच्छेदनानंतर चूल पेटवण्याचे त्राण नसे, त्यामुळे अनेकदा जेवण राहून जाई. मांसाहार करणाऱ्यांच्या शहरात शाकाहारी विद्यार्थिनीला तयार अन्न मिळणे कठीण होते. पहिल्याच हिवाळ्यात त्या आजारी पडल्या. पुढे डीन बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला.

वस्त्रांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या आणि कंबर उघडी राहत, आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खाली जात असे. पाश्चात्त्य पोशाख स्वीकारणे हा सोपा उपाय होता, पण तो त्यांनी नाकारला. त्याऐवजी त्यांनी गुजराती पद्धतीची पायघोळ साडी, आत परकर आणि लांब बाह्यांचे पोलके असा पेहराव निवडला. त्यामुळे अंग झाकले जाई आणि पेहरावही हिंदुस्थानीच राही. या बदलाचीही कारणे त्यांना गोपाळरावांना पत्रांतून समजावून सांगावी लागली.

पत्रव्यवहार

या काळाची बरीचशी माहिती आनंदीबाईंच्या पत्रांतून मिळते. गोपाळरावांना त्या मराठीत लिहीत. टपाल पोहोचण्यास आठवडे लागत असल्याने प्रश्न आणि उत्तर यांत महिन्यांचे अंतर पडे. पतीच्या पत्रांत प्रोत्साहनाबरोबर संशय आणि टोमणेही असत. आनंदीबाईंची उत्तरे सुरुवातीला नम्र आहेत. हळूहळू मात्र त्यांत स्वतःचे मत ठामपणे मांडणारी स्त्री दिसू लागते. लहानपणी सोसलेल्या मारहाणीचा उल्लेखही त्यांनी याच पत्रांत केला. समोरासमोर जे बोलता आले नसते, ते लिहिण्याचे बळ त्यांना दूर राहिल्याने आले, असे चरित्रकारांचे निरीक्षण आहे.

गोपाळरावांचे आगमन

१८८५ मध्ये गोपाळराव नोकरी सोडून अमेरिकेत दाखल झाले. त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि त्यांत ख्रिस्ती धर्म व अमेरिकन समाज यांच्यावर जहाल टीका केली. ज्यांच्या सौजन्यावर पत्नीचे शिक्षण चालले होते, त्यांनाच या टीकेमुळे वाईट वाटले. दोन वर्षे एकटीने उभा केलेला संसार आणि जोडलेली माणसे यांच्यात पतीसाठी जागा करण्याची जबाबदारी आनंदीबाईंवर पडली. ऑक्टोबर १८८५ मध्ये काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली या सहविद्यार्थिनी त्यांच्यासोबत असून तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत.

पदवी आणि परतीचा प्रवास

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून येऊन उपस्थित राहिल्या. त्यानंतर आनंदीबाई अनुभवासाठी बोस्टन येथील न्यू इंग्लंड हॉस्पिटल फॉर विमेन अँड चिल्ड्रेन या रुग्णालयात गेल्या, परंतु प्रकृती ढासळल्याने तेथे फार दिवस राहू शकल्या नाहीत. त्यांना क्षयाने ग्रासले होते. थंडी, अपुरा आहार आणि अतिश्रम यांनी त्यांची प्रकृती आधीच खालावलेली होती. क्षयावर त्या काळी परिणामकारक औषध नव्हते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला तोच मुळी १८८२ मध्ये.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-कक्षाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. ऑक्टोबर १८८६ मध्ये पतीसह त्यांनी अमेरिका सोडली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईत त्यांचे स्वागत झाले. कोल्हापूरला रुजू होण्याइतकी प्रकृती मात्र सुधारली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाला बावीस वर्षे पूर्ण होण्यास महिनाभर अवधी होता.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथील दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या ठेवण्यात आल्या. तेथील स्मृतिशिळेवर, शिक्षणासाठी भारताबाहेर गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री, असा त्यांचा उल्लेख आहे.

वारसा

कॅरोलाइन हीली डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आनंदीबाईंचे चरित्र लिहिले. काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र त्यानंतर लवकरच आले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले ते मराठीतील आरंभीचे महत्त्वाचे चरित्र असून आनंदीबाईंची अनेक पत्रे त्यामुळे वाचकांपर्यंत पोहोचली. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी मराठी वाचकांत विशेष लोकप्रिय झाली. अंजली कीर्तने यांनी पुढे नव्या संशोधनाच्या आधारे चरित्र लिहिले. २०१९ मध्ये आनंदी गोपाळ हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंचे नाव देण्यात आले आहे.

पंडिता रमाबाई यांनी अमेरिकेतील आपल्या वास्तव्यावर १८८९ मध्ये मराठीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आनंदीबाईंना तशी सवड मिळाली नाही. परदेशी राहणाऱ्या मराठी स्त्रीच्या रोजच्या जगण्याचा त्यांनी मागे ठेवलेला लेखाजोखा पत्रांच्या रूपातच आहे.

हे सुद्धा पहा

पंडिता रमाबाई
रखमाबाई राऊत
कादंबिनी गांगुली
काशीबाई कानिटकर
कल्याण