मोलोकाईचे फादर डेमियन

बेल्जियममधील त्रेमेलो या खेड्यात ३ जानेवारी १८४० रोजी जन्मलेल्या योसेफ डी व्ह्यूस्टर याने घरचा धान्याचा व्यापार सांभाळावा, अशी वडिलांची इच्छा होती. योसेफ मात्र थोरला भाऊ पाम्फिल याच्या पाठोपाठ येशू व मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संघात दाखल झाला. तेथे त्याने डेमियन हे नाव धारण केले. लॅटिन येत नसल्यामुळे प्रारंभी त्याला धर्मगुरुपदासाठी अपात्र ठरविण्यात आले होते. भावाकडून तो ती भाषा शिकला आणि वरिष्ठांचे मत पालटले.

१८६३ साली हवाई बेटांवर जाण्यासाठी खरी निवड झाली होती पाम्फिल यांची. ते तापाने अंथरुणाला खिळले. त्यांच्या जागी आपल्याला पाठवावे, अशी विनंती डेमियनने स्थानिक वरिष्ठांना वगळून थेट पॅरिसला संघप्रमुखांकडे केली. विनम्रता आणि हट्ट हे एकाच माणसात नांदू शकतात, याचे हे पहिले चिन्ह! २१ मे १८६४ रोजी होनोलुलू येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

हवाईच्या राजसत्तेने १८६५ साली कायदा करून कुष्ठरुग्णांना समाजातून वेगळे काढले होते. मोलोकाई बेटाच्या एका भूशिरावर त्यांना नेऊन सोडत. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे उभा कडा. बिशप मैग्रे यांनी तेथे कोणाही धर्मगुरूला आज्ञेने धाडले नाही. काहींनी स्वेच्छेने आळीपाळीने जावे, असे ठरले. १० मे १८७३ रोजी प्रथम फादर डेमियन गेले, आणि मग त्यांची पाळी संपलीच नाही.

पहिल्या काही रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या. जखमांची दुर्गंधी सहन होईना, म्हणून ते पाइप ओढू लागले. त्यांनी नळाने पाणी आणले, घरे बांधली, स्वतःच्या हातांनी शवपेट्या केल्या. पण या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी अंतर राखले नाही. ते जखमा बांधत, रुग्णांच्याच पात्रातून जेवत. आपल्या मराठीप्रमाणे हवाईच्या भाषेतही ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे शब्द वेगळे आहेत. फादर डेमियन प्रवचनात पहिल्यापासून स्वतःला रुग्णांत धरूनच बोलत. तेव्हा ते धडधाकट होते.

या जवळिकीची किंमत एकाकीपणाने मोजावी लागली. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले, पण त्यांना उतरण्याची परवानगी मिळाली नाही. फादर डेमियन यांनाही जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा खाली नावेत उभे राहून त्यांनी मोठ्याने, फ्रेंच भाषेत आपले पापनिवेदन केले.

ते स्वभावाने सोपे नव्हते. मदतीला आलेल्या धर्मगुरूंशी त्यांचे खटके उडाले, वरिष्ठांना ते हेकट वाटत. त्यांच्या मृत्यूनंतर होनोलुलूतील एका प्रॉटेस्टंट पाळकाने त्यांच्यावर चिखलफेक केली, तेव्हा स्वतः प्रेस्बिटेरियन घरात वाढलेले लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८९० साली त्यांची जाहीर बाजू घेतली, आणि तीही त्यांचे दोष न झाकता. आमच्या मते हाच त्यांचा खरा सन्मान होय.

डिसेंबर १८८४ मध्ये त्यांचा पाय कढत पाण्यात पडला. फोड आले, पण वेदना झाल्या नाहीत. त्यांना जे कळायचे ते कळले. काम थांबले नाही. देवळाचे बांधकाम चालूच होते. १८८८ च्या नोव्हेंबरात मदर मरियान कोप आणि त्यांच्या सहभगिनी वस्तीत दाखल झाल्या. रुग्णांची सोय झाल्याचे पाहून, पवित्र सप्ताहातील सोमवारी, १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी फादर डेमियन यांनी देह ठेवला.

१९३६ साली बेल्जियमने त्यांचा देह मायदेशी नेला. हवाईच्या लोकांना ते फार लागले. १९९५ साली त्यांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताचा अवशेष मोलोकाईला परत देण्यात आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी ते संत म्हणून घोषित झाले. जखमा बांधणारा तो हात आज त्यांच्या मूळच्या कबरीत, त्यांच्याच रुग्णांच्या सोबतीला आहे.