रघुनाथ मुर्मू

पंडित रघुनाथ मुर्मू (५ मे १९०५ – १ फेब्रुवारी १९८२) हे संथाली भाषेसाठी ओल चिकी ही स्वतंत्र लिपी निर्माण करणारे भारतीय शिक्षक व नाटककार होते. संथाल समाजात ते 'गुरू गोमके' या आदरनामाने ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

मुर्मू यांचा जन्म तत्कालीन मयूरभंज संस्थानातील (सध्याचे ओडिशा राज्य) रायरंगपूरजवळच्या डांडबोस या गावी झाला. घरची भाषा संथाली असली, तरी त्यांचे शालेय शिक्षण ओडिया माध्यमातून झाले. तांत्रिक शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी काही काळ बारीपदा येथील औद्योगिक शिक्षणसंस्थेत अध्यापन केले. पुढे ते बडामतोलिया येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले.

पार्श्वभूमी

संथाली ही ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळाच्या मुंडा शाखेतील भाषा आहे. ओडिया, बंगाली व हिंदी या शेजारच्या भाषांशी तिचे कुळ जुळत नाही. दीर्घकाळ मौखिक परंपरेने जपलेली ही भाषा एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रोमन लिपीत आणली. नॉर्वेजियन मिशनरी स्क्रेफ्सरूड यांचे व्याकरण व बोडिंग यांचा पाच खंडांचा शब्दकोश याच लिपीत आहे. याशिवाय बंगालमध्ये बंगाली, ओडिशात ओडिया आणि बिहारमध्ये देवनागरी लिपीचा वापर होत असे. परिणामी एका प्रांतात छापलेले संथाली पुस्तक दुसऱ्या प्रांतातील साक्षर संथालाला वाचता येईलच, असे नव्हते.

ओल चिकी लिपी

मुर्मू यांनी १९२५ मध्ये ओल चिकीची निर्मिती केली. संथालीत 'ओल' म्हणजे लेखन व 'चिकी' म्हणजे चिन्ह. या लिपीत ३० अक्षरे असून त्यांपैकी ६ स्वर व २४ व्यंजने आहेत. देवनागरीप्रमाणे स्वर येथे व्यंजनाला मात्रेच्या रूपाने जोडले जात नाहीत, तर स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिले जातात. शब्दाच्या शेवटी श्वास अडवून उच्चारली जाणारी संथालीतील व्यंजने शेजारच्या भाषांच्या लिप्यांत नेमकी दाखवता येत नसत. त्यांची सोय मुर्मू यांनी केली. अनेक अक्षरांचे आकार व नावे निसर्ग आणि दैनंदिन व्यवहार यांतून घेतलेली आहेत. उदाहरणार्थ, 'अत्' हे वर्तुळाकार अक्षर पृथ्वीशी जोडले जाते.

प्रसार व साहित्य

छपाईसाठी मुर्मू यांनी लाकडी मुद्रणयंत्र तयार केले. १९३९ मध्ये बारीपदा येथील प्रदर्शनात ते यंत्र व लिपी मयूरभंजचे महाराज प्रतापचंद्र भंजदेव यांच्यासमोर मांडण्यात आली. मुर्मू गावोगावी फिरून लिपी शिकवत. त्यांनी पाठ्यपुस्तके, गीते व नाटके लिहिली. 'बिदू चंदन' व 'खेरवाल बीर' ही त्यांची नाटके विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी पहिल्या नाटकातील प्रेमकथेत लिपीचाच संदर्भ गुंफलेला असून निरक्षर श्रोत्यांपर्यंत लिपीचा विचार पोहोचवण्यास रंगभूमी उपयोगी पडली.

लिपीविषयक वाद

ओल चिकीचे समर्थक तिला राज्यांच्या सीमांपलीकडे समाजाला जोडणारे स्वतःचे चिन्ह मानतात. रोमन लिपीच्या समर्थकांच्या मते मात्र त्या लिपीतील मोठी ग्रंथसंपदा नव्या पिढीला दुरावण्याचा धोका आहे. रोमन लिपीचा मिशनरी कार्याशी असलेला संबंध व ओल चिकीची पारंपरिक संथाल श्रद्धांशी घातली गेलेली सांगड यांमुळे वादाला धार्मिक अस्मितेचीही किनार लाभली. सर्व संथालांसाठी एकच लिपी हे मुर्मू यांचे उद्दिष्ट होते. परंतु प्रचलित लिप्या मागे पडल्या नाहीत व ओल चिकी त्यांच्या जोडीने वापरात आली. बांगलादेशात आजही मुख्य वाद रोमन व बंगाली या लिप्यांमध्येच आहे.

वारसा

पश्चिम बंगाल सरकारने १९७९ मध्ये ओल चिकीला मान्यता दिली. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच मुर्मू यांचे निधन झाले. २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने संथालीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. २००८ मध्ये ओल चिकी युनिकोडमध्ये आली, तर २०१८ मध्ये याच लिपीतील संथाली विकिपीडिया सुरू झाला. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात संथाली भाषकांची संख्या सुमारे ७३ लाख आहे.